जोडठिपका

"दोन मिनिटांचं काम आहे, दाभणकाका," असं म्हणत मॅडमनी फाइल माझ्या टेबलावर ठेवली. ठेवली ती नेमकी मी सकाळपासून उठवत असलेल्या नकाशावर. "उद्या अकरा वाजता सुनावणी आहे. तुम्ही यायचं, चित्र मूळ प्रतीवरूनच केलं होतं एवढं सांगायचं, आणि परत यायचं."

"मॅडम, आधी फाइल उचला. दबतील."

"काय दबतील?"

"डोंगर."

मॅडमनी फाइल उचलली. उत्तरेकडची अर्धी डोंगररांग सपाट झाली होती. त्यांना ते दिसलं नाही. पांढऱ्या कागदावरचे पांढरे ठिपके पाहायचे तर कागद उजेडात तिरका धरावा लागतो, आणि परीक्षा विभागाच्या प्रमुखांना कागद तिरका धरायला वेळ नसतो. डोंगर पुन्हा उठवता येतात.

माझं काम हेच. शालान्त परीक्षेला बसणाऱ्या अंध मुलांसाठी प्रश्नपत्रिकेतली चित्रं, आलेख, नकाशे मी जाड कागदावर उठवतो, म्हणजे बोटांना लागतील असे करतो. परीक्षा नसते तेव्हा शाळांसाठी सरावाचे नकाशे करतो. मजकूर यंत्रावर छापून येतो; चित्रांना आमच्याकडे अजून माणूस लागतो, आणि तो माणूस गेली अठ्ठावीस वर्षं मी आहे. शिंप्याकडे असतं तसलं एक दातेरी चाक, रबराची चटई आणि सुटे ठिपके टोचायला दाभण, एवढी माझी हत्यारं. त्या दाभणामुळे अख्ख्या कचेरीत मी दाभणकाका झालो. खरं नाव हजेरीपत्रकापुरतं उरलं.

"तक्रार कोणाची आहे?" मी विचारलं.

"एक मुलगी आहे. गणितात आलेखाचा सात गुणांचा प्रश्न होता, त्यात शून्य मिळालं. पाच गुण कमी पडतात म्हणून कॉलेज तिला गणिताला घेत नाहीये. आता म्हणते, माझं उत्तर बरोबर आहे, तुमचं चित्रच चुकलं होतं. कायद्याचं पुस्तक घेऊन आलीय. आपण पर्यायी प्रश्न दिला होता की नाही? बाकी चौघांनी मुकाट्यानं तो सोडवला. हिलाच आलेखाची हौस."

"काय लिहिलंय तिनं?"

मॅडमनी उभ्याउभ्याच पान काढलं. "रेघ उजवीकडे उतरत जाते, असं लिहिलंय. मूळ चित्रात तर चढत जाते. चुकली पोरगी, झालं. बोटांनी वाचायचं म्हणजे होणारच थोडं इकडेतिकडे."

"बोटांचं इकडेतिकडे होत नसतं, मॅडम."

"बरं. उद्या तेवढं सोडून बाकीचं सांगा." त्या दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "आणि घाबरू नका. पाच प्रती तयार, पाच नष्ट, तुमचीच सही आहे. पुरावा म्हणजे आता ती मूळ छापील प्रत आणि तुम्ही."

त्या गेल्या. मी चाक हातात घेतलं आणि डोंगर न उठवताच परत ठेवलं.

माझी खोली जिन्याखाली आहे. दोन टेबलं समोरासमोर. समोरचं टेबल मास्तरांचं. मास्तर म्हणजे आमचे तपासनीस. जन्मापासून अंध. पूर्वी शाळेत शिकवायचे, म्हणून मास्तर. मी उठवलेलं प्रत्येक चित्र ते बोटांनी वाचून पास करायचे आणि मगच ते परीक्षेला जायचं. बावीस वर्षं आम्ही असे समोरासमोर बसलो. सकाळी ते माझ्याआधी येऊन अंधारात बसलेले असायचे. मी दार उघडलं की म्हणायचे, "दिवा लाव रे. तुला लागतो." सरकारी कागदांवर त्यांच्यासारख्यांना काय म्हणायचं ते दर काही वर्षांनी बदलायचं. नवं परिपत्रक मी त्यांना वाचून दाखवायचो. "माझं बारसं झालं म्हणायचं पुन्हा," मास्तर म्हणायचे, "काठी तेवढी जुनीच ठेवलीय त्यांनी."

काम करायची आमची एक रीत होती. ठिपके नेहमी मागच्या बाजूने टोचायचे, म्हणजे ते पुढच्या बाजूला उठतात. त्यामुळे चित्राची खूण कागदाच्या मागच्या बाजूवर आणि उलटी यावी लागते. त्यासाठी मूळ चित्र कागदावर ठेवून गिरवताना कार्बन पेपर नेहमीसारखा मध्ये पालथा न घालता कागदाखाली उताणा ठेवायचा, शाईची बाजू वर करून. तो एका चित्राला एकदाच चिकटवायचा, मग त्यावर एकेक कागद घालत जायचं. इथे चूक झाली की पाचही प्रती उलट्या. म्हणून कार्बन हातात घेतला की मी मोठ्याने विचारायचो, "कार्बन?" आणि समोरून मास्तर म्हणायचे, "उताणा." हातातलं काम न थांबवता म्हणायचे. एकदा तापाने फणफणले होते, बाकावर आडवे पडून होते, तरी माझं "कार्बन?" ऐकून पांघरुणातून "उताणा" आलंच.

पहिला कागद त्यांच्याकडे जायचा. जिथे चूक असेल तिथे ते अंगठ्याच्या नखाने बारीक चंद्रकोरीसारखी खूण करायचे आणि कागद आपल्या खणात टाकायचे. सगळं काम संपलं की तो कागद इतरांबरोबर नष्ट व्हायचा. सुरुवातीच्या दिवसांत एकदा ते म्हणाले होते, "तुझी रेघ संपली की तुटली तेच कळत नाही रे. शेवटी काहीतरी दे." मी टोकाला दाभणाने दोन ठिपके जवळजवळ टोचले. त्यांनी बोट फिरवलं. "हां," म्हणाले, "आता कळलं, इथे माणूस उठून गेला." तेव्हापासून माझ्या प्रत्येक रेघेच्या शेवटी तो जोडठिपका असतो. नियमात कुठे लिहिलेला नाही.

दोन वर्षांपूर्वी एका सुट्टीच्या दिवशी मास्तर गेले. मला दुसऱ्या दिवशी कचेरीत कळलं. त्यांची जागा भरायचा प्रस्ताव वर गेला तो गेलाच. "तोवर तुम्हीच तपासा, काका. अनुभव आहे तुम्हाला," असं तोंडी सांगण्यात आलं. मग मी डोळे मिटून स्वतःच्याच चित्रावर स्वतःचं बोट फिरवू लागलो. प्रामाणिकपणे फिरवायचो. पण एक गोष्ट मला तेव्हाच कळली होती आणि मी ती कोणाला सांगितली नाही. माझ्या बोटांना उत्तर आधीच ठाऊक असतं. चढती रेघ उठवलीय हे डोक्यात असलं की बोट चढतच जातं. वाचायला दुसराच माणूस लागतो.

आणि दुसरी गोष्ट, तीही कोणाला सांगितली नव्हती. मास्तर गेल्यावरही पहिला कागद मी त्यांच्या खणातच टाकत राहिलो. आधी सवयीने. मग कळूनसवरून. त्या खणात काहीतरी टाकल्याशिवाय काम संपल्यासारखं वाटायचं नाही. तो कागद मी कुठल्याच यादीत धरला नाही. सहा करायचो, पाच लिहायचो. परीक्षेचा कागद ठेवून घेणं म्हणजे काय हे मला चांगलं माहीत होतं. आमच्याकडे त्याला चोरी म्हणतात, आणि बरोबरच म्हणतात.

मी उठून खोलीचं दार लावलं. मास्तरांचा खण ओढला. गणिताचा कागद वरून बाराव्या-तेराव्या जागी सापडला. खिडकी नाही, म्हणून दिव्याखाली तिरका धरला. दोन अक्ष, मधोमध छेदणारे. मास्तरांच्या जुन्या यंत्रावर छापलेल्या आकड्यांच्या पट्ट्या, जिथल्या तिथे. आणि रेघ डावीकडून उजवीकडे उतरत गेलेली. टोकाला जोडठिपका.

मूळ प्रतीत चढत गेली होती.

कागद पालथा केला. मागून पाहिलं तर तो हुबेहूब मूळ चित्रासारखा दिसत होता. काम करताना मी हीच बाजू पाहतो. त्या दिवशी कार्बन पालथाच लागला होता, कारकुनासारखा. मला तो दिवस आठवायचा प्रयत्न करावा लागला नाही. कार्बन हातात घेऊन मी "कार्बन?" म्हणालो होतो. मोठ्याने. मास्तर जाऊन तेव्हा दीड वर्ष होऊन गेलं होतं. म्हटलं आणि खुळ्यासारखा वाट पाहत बसलो. मग वरून कोणीतरी प्रती कधी मिळतील म्हणून फोन केला, आणि फोन ठेवल्यावर मी कार्बन चिकटवला.

पाच मुलांना तो कागद गेला. चौघांनी पर्यायी प्रश्न घेतला. माझं चित्र वाचलं ते एकट्या तिने, आणि तिला मी उलटं वाचायला दिलं.

संध्याकाळी घरी आलो. घरी मी एकटाच असतो. लग्न जमता जमता राहिलं आणि पुढे तो विषय बहिणीनेही सोडून दिला. भात टाकला. कुकर झाला तरी झाकण काढायचं सुचलं नाही. मनाशी हिशोब सरळ होता. गप्प राहिलो तर जगातल्या कोणालाही कळणार नाही. कागद नाहीत, साक्षीदार मी एकटा. बोललो तर मुलीला तिचे गुण मिळतील, आणि माझी खोली जाईल. नोकरी कदाचित जाणार नाही, पण खोली जाईल, चाक जाईल, समोरचं टेबल जाईल. लोकांना हसू येईल, पण मला सगळ्यात जास्त तो खणच आड येत होता. एक चूक कबूल करणं सोपं होतं. पण मेलेल्या माणसाच्या खणात दोन वर्षं कागद टाकतोय, हे चार माणसांसमोर सांगायचं म्हणजे अंगावरचा सदरा काढून उभं राहणं होतं.

मास्तर असते तर काय म्हणाले असते याचा मी मुद्दाम विचार केला नाही. त्यांनी काही म्हटलंच नसतं. नखाने खूण केली असती.

सकाळी दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये तो कागद घातला, मोठ्या लिफाफ्यात ठेवला आणि निघालो.

सुनावणी दुसऱ्या मजल्यावर होती. लांब टेबल, एका टोकाला हक्क आयोगाकडून आलेले साहेब. किरकोळ देहाचे, चष्मा कपाळावर. एका बाजूला मॅडम आणि त्यांच्या तीन फायली. दुसऱ्या बाजूला ती मुलगी आणि तिचे वडील. वडील बसचालक असावेत, गणवेशातच आले होते. ते सारखी तिला मदत करत होते. पाण्याचा पेला तिच्या हाताजवळ सरकवला, तिने तो परत जागेवर ठेवला. खुर्ची पुढे घेऊ का विचारलं, ती म्हणाली, "बाबा, बसा ना तुम्ही." मुलगी सोळा-सतरा वर्षांची. काठी घडी करून मांडीवर. हात टेबलावर, स्वस्थ.

मॅडमनी मूळ प्रत साहेबांपुढे ठेवली. "हे चित्र. यावरूनच उठावाची प्रत होते. रेघ स्पष्ट चढती आहे. विद्यार्थिनीने उतरती लिहिली. आम्हाला सहानुभूती आहे, पण गुण उत्तराला द्यावे लागतात."

"तुला काही म्हणायचंय?" साहेबांनी विचारलं.

"हो, सर." आवाज लहान होता, पण अडखळत नव्हता. "मी चुकीचं वाचलं असेल तर शून्य ठेवा. पण मी काय वाचलं ते तरी आधी बघा ना. छापील चित्र दाखवून मला चूक ठरवताय. ते छापील चित्र मी कधी पाहिलेलंच नाही. मला दिला होता तो कागद कुठंय?"

"नियमाप्रमाणे नष्ट केलाय," मॅडम म्हणाल्या. "आणि चित्र नको असलं तर पर्यायी प्रश्न होता. ती सवलत मुद्दाम तुमच्यासाठीच ठेवलीय."

"पर्यायी प्रश्नात व्याख्या लिहायच्या होत्या. मला गणित करायचं होतं."

"अगं, पण बाकीच्यांनी..."

"मॅडम, कायद्यात लिहिलंय की इतरांना जो प्रश्न आहे तोच मलाही वाचता येईल असा मिळाला पाहिजे. सवलत घ्यायची की नाही ते मी ठरवायचं ना? घेतली नाही म्हणून माझी चूक कशी?"

वडिलांनी हळूच तिच्या दंडाला हात लावला, जरा दमाने, असा. तिने तो हात झटकला नाही, पण बोलायचीही थांबली नाही. "वर्गात सगळे म्हणतात, आलेख सोड, तुला काय करायचेत आलेख. मला आवडतात म्हणून करते. दुसरं काही कारण नाही."

साहेबांनी चष्मा नाकावर घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. "उठावाची प्रत तुम्ही केली?"

"हो, साहेब. मीच."

"मूळ प्रतीवरून?"

"मूळ प्रतीवरूनच केली." मॅडमनी मान हलवली आणि फाइल मिटायला घेतली. "पण उलटी झाली होती, साहेब. माझा कार्बन उलटा लागला. तिनं वाचलं ते बरोबर वाचलं."

लिफाफ्यातून पुठ्ठे काढले. कागद टेबलावर ठेवला. घाईघाईने साहेबांनी त्यावर कोपर टेकलं, तेव्हा मी म्हणालो, "त्यावर भार देऊ नका, साहेब. दबेल." त्यांनी कोपर उचललं.

"हा कागद तुमच्याकडे कसा?"

"काका," मॅडमचा आवाज एकदम खाली गेला, "काय बोलताय ते कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय, मॅडम." मग मी सगळं सांगितलं. सहा करून पाच लिहिणं. तपासनीसाची रिकामी जागा. स्वतःच्या बोटांनी तपासणं. खण. एवढं लांबलचक मी कित्येक वर्षांत बोललो नव्हतो. खणाचं सांगताना मला स्वतःची लाज वाटली.

"किती कागद आहेत तिथे?"

"दोन वर्षांचे सगळे."

मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांच्यावर मी अन्याय केला होता, हेही खरं. सह्या त्यांच्याही होत्या.

साहेबांनी कागद मुलीकडे सरकवला. वडील तिचा हात धरून त्यावर ठेवायला गेले. "बाबा, सापडतो मला कागद," ती म्हणाली, आणि दोन्ही हातांची बोटं कागदावर आली. अक्ष वाचले. आकडे वाचले. मग डाव्या बोटांनी अक्ष धरून ठेवला आणि उजव्या बोटाने रेघ पकडून शेवटपर्यंत गेली. मास्तर अगदी असेच वाचायचे. मला तिकडे बघवेना आणि नजर काढूनही घेता येईना.

"हाच," ती म्हणाली. "सर, मी वाचलं तिथं नखानं खूण करू का? म्हणजे तुम्हाला दिसेल."

"कर."

तिने अंगठ्याचं नख टेकलं. बारीक चंद्रकोर उमटली, रेघ जिथे आडव्या अक्षाला उजवीकडे छेदत होती तिथेच. साहेब उठले, कागद घेऊन खिडकीपाशी गेले आणि त्यांनी तो उजेडात तिरका धरला. बराच वेळ धरून उभे होते.

मॅडमना साहेबांनी थांबवून घेतलं आणि आम्हाला बाहेर बसायला सांगितलं. वडील पाणी शोधायला गेले. बाकावर मी आणि ती, मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा.

"तुम्ही जोडठिपका ना?" तिने विचारलं.

"काय?"

"शाळेत आम्ही तुम्हाला जोडठिपका म्हणतो. पाचवीच्या नकाशांपासून. नदी संपली की दोन ठिपके. दुसरीकडून आलेल्या चित्रांत ते नसतात, मग कळत नाही नदी संपली की कागद खराब आहे. आम्ही नवा नकाशा आला की आधी टोकालाच हात लावायचो. असले दोन ठिपके, की वर्गात कोणीतरी ओरडायचं, जोडठिपका आहे रे!"

अठ्ठावीस वर्षं मी जिन्याखाली बसून होतो. मला ओळखणारा एकच माणूस होता आणि तो गेला, असं मी धरून चाललो होतो. आणि इथे कुठल्या तरी वर्गात पोरं माझं नाव घेऊन ओरडत होती.

"त्यामुळेच घोळ झाला," ती पुढे म्हणाली. "शेवटच्या पोटप्रश्नात एक बिंदू दिला होता, तो रेघेवर येतो का बघा म्हणून. येत नव्हता. दोनदा केलं. असल्या प्रश्नात नेहमी येतोच. मला वाटलं, चित्र उलटं आलंय की काय. वर्गावरच्या बाईंना हाक मारणार होते. तेवढ्यात टोकाला बोट लागलं. दोन ठिपके. म्हटलं, हे तर आपले जोडठिपका. यांचं नाही चुकायचं. आणि 'येत नाही' लिहून टाकलं."

तिच्या आवाजात राग नव्हता. झालं ते जसंच्या तसं सांगत होती. राग असता तर बरं झालं असतं.

"मी चुकलो गं पोरी," मी म्हणालो.

"हो," ती म्हणाली. मग मांडीवरची काठी सरळ करत म्हणाली, "तपासायला कोणीच नाही तुमच्याकडे?"

"होते. मास्तर होते."

"मग आता दुसरं कोणीतरी पाहिजे ना."

तिला ते इतकं साधं दिसत होतं. वडील पाणी घेऊन आले. जाताना ते माझ्याजवळ थांबले आणि मान हलवून मुलीच्या मागोमाग जिना उतरले. ती पुढे होती. काठी पायऱ्यांवर वाजत खाली गेली.

निकाल चार दिवसांत आला. तिच्या कागदाप्रमाणे उत्तर पुन्हा तपासावं. सातपैकी सहा मिळाले. एका पायरीचं कारण लिहिलं नव्हतं म्हणून एक कापला. मला ते आवडलं. कोणी दया केली नव्हती. कॉलेजने तिला गणिताला घेतलं, हे मला मॅडमनीच सांगितलं, फाइलमधून डोकं वर न काढता. आदेशात आणखी दोन कलमं होती. तपासनीसाची जागा महिन्याच्या आत भरावी. आणि उठावाच्या चित्रांचे निश्चित नमुने ठरवून सगळीकडे तेच वापरावेत.

माझ्यासाठी वेगळा कागद होता. गोपनीय कामातून मुक्त. महिनाअखेरपासून टपालाच्या खिडकीवर. याहून वाईट होऊ शकलं असतं. मॅडमनी माझ्यासाठी शब्द टाकला असावा, पण त्यांनी ते कधी बोलून दाखवलं नाही.

खण रिकामा करायला दोन जण पोतं घेऊन आले. वरच्या मजल्यावरचं कागद कापायचं यंत्र एवढ्या जाड कागदाला अडलं, तेव्हा त्यांनी हाताने फाडले, माझ्यासमोर. एकशे बारा निघाले. नद्या, हृदयाच्या झडपा, त्रिकोण, एक बेडूक. मी सही केली. ते गेल्यावर खण तसाच उघडा राहिला होता, तो मी लावला.

महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात नव्या तपासनीस बाई रुजू झाल्या. वय तिशीच्या आत, काठी पांढरी, बोलणं टकाटक. माझ्या जागेवर येणारा माणूस अजून ठरायचा होता, म्हणून तोवर त्यांना काम दाखवायचं माझ्याकडे आलं. मास्तरांच्या खुर्चीत त्या बसल्या, खुर्ची पुढेमागे करून पाहिली आणि म्हणाल्या, "कुरकुरते."

"बावीस वर्षं कुरकुरतेय," मी म्हणालो.

मी त्यांना चाक दाखवलं, चटई दाखवली, हाताला लागू दिली. "एक लक्षात ठेवा, बाई. इथं जो कोणी बसेल तो 'कार्बन?' असं विचारेल. तुम्ही 'उताणा' म्हणायचं."

"आणि त्यानं नाही विचारलं तर?"

"तर तुम्ही विचारा."

त्या हसल्या. "बरं. विचारा मग."

मी कार्बन हातात घेतला. "कार्बन?"

"उताणा," समोरून आवाज आला. बाईचा, कोवळा, आणि चुकीच्या उंचीवरून आलेला. मला क्षणभर हात थांबवावा लागला. मग मी तो चिकटवला.

साधा आलेख होता, नव्या नमुन्याप्रमाणे करून पाहायचा. चढती रेघ. पहिला कागद मी त्यांच्याकडे दिला. मास्तरांनी धरला असता तसाच त्यांनी अक्ष डाव्या हाताने धरला आणि उजव्या बोटाने रेघेवरून वर गेल्या. टोकाला थांबल्या. पुन्हा थोडं मागे येऊन परत टोकाला गेल्या.

"बरोबर आहे. चढतीच आहे," त्या म्हणाल्या. "फक्त शेवटी दोन ठिपके लागतायत. नव्या नमुन्यात एकच आहे. हाताला लागून गेला असेल दुसरा?"

त्या नुसत्या वाट पाहत होत्या, बोट टोकावर ठेवून. वर्गात ओरडणारी पोरं मला आठवली. आणि परीक्षेच्या खोलीत बाईंना हाक मारता मारता थांबलेली ती मुलगी.

"काढायचा का एक?" त्यांनी विचारलं.

"काढा," मी म्हणालो.

त्यांनी अंगठ्याचं नख दुसऱ्या ठिपक्यावर टेकलं आणि दाबून गोल फिरवलं. मग बोटाने पाहिलं. अजून जरा लागत होता. पुन्हा दाबला.